मुरानोला जाताय? आधी संग्रहालय, मग भट्टी, दुकान सगळ्यात शेवटी

व्हेनिसला गेलेले आपले बहुतेक लोक मुरानो ‘उरकून’ येतात. सकाळी सान मार्कोचा चौक, दुपारी तासभर काचेचं बेट, संध्याकाळी बुरानोच्या रंगीत घरांसमोर फोटो. परत आल्यावर विचारलं की सांगतात, “काही विशेष नाही, दुकानंच दुकानं.” पहिल्या खेपेला मीही हेच सांगितलं होतं. चूक बेटाची नव्हती, क्रमाची होती. तो क्रम नीट लावता यावा म्हणून हा लेख.

फुकटच्या बोटीत बसू नका

हे सगळ्यात आधी, कारण पुढचा सगळा दिवस यावर ठरतो. हॉटेलच्या काउंटरवर किंवा सान मार्कोच्या आसपास कुणीतरी गोड आवाजात विचारतं, “उद्या मुरानो बघायचंय का? बोट फुकट, भट्टी फुकट.” मी आणि मावशी बसलो. चकचकीत मोटरबोटीने आम्हाला थेट एका कारखान्याच्या खासगी धक्क्यावर उतरवलं. एका माणसाने दहा मिनिटांत काचेचा घोडा करून दाखवला, टाळ्या झाल्या, आणि आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं. एका दालनातून दुसऱ्या दालनात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. अठराशे युरोंची फुलदाणी आमचे चेहरे बघत बघत नऊशेवर आली. तासाभराने मावशीने मराठीतच विचारलं, “अहो, बाहेर जायचा रस्ता कुठाय?” तो प्रश्न मात्र त्यांना बरोबर कळला. काही घेतलं नाही म्हणून परतीची बोटही नाही. बेट बघायचं राहिलं ते राहिलंच.

नऊ-दहा युरो वाचवण्यासाठी अर्धा दिवस घालवू नका. सरकारी बोटीने जा.

कधी जायचं

सोमवार ते शुक्रवार, आणि सकाळी. भट्टीतलं काम सकाळी लवकर सुरू होतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास आटोपतं. त्यानंतर पोहोचलात तर दुकानं उघडी असतील, भट्टीसमोरचे हात मात्र घरी गेलेले असतील. शनिवार-रविवारी पर्यटकांसाठीची प्रात्यक्षिकं चालतात, पण तो खेळ वेगळा.

ऑगस्ट टाळा. भट्ट्या एरवी रात्रंदिवस पेटत्या असतात, कारण थंड करून पुन्हा तापवणं महागात पडतं. डागडुजीसाठी त्या वर्षातून एकदा विझवतात, आणि बहुतेक जण ऑगस्टच निवडतात. त्या दिवसांत बेटावर ऊन असतं आणि काम नसतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरात भरतीचं पाणी चढण्याचे दिवस असतात. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेली पोलादी दारं मोठ्या भरत्या अडवतात, तरी सखल कडेला बूट भिजू शकतात.

बोट कुठून, किती नंबरची

व्हेनिसच्या उत्तर काठावर ‘फोन्दामेन्ते नोव्हे’ नावाचा धक्का आहे. तिथून ४.१ आणि ४.२ नंबरच्या बोटी मुरानोला जातात. या सार्वजनिक बोटीला तिथे ‘वापोरेत्तो’ म्हणतात. आपल्याकडची एसटीच, फक्त पाण्यावरची. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. वाटेत विटांच्या भिंतीआड सुरूसारखी उंच काळपट झाडं असलेलं एक बेट लागतं. नवखे लोक तिथे मुरानो समजून उतरतात. ते सान मिकेले, म्हणजे व्हेनिसची दफनभूमी. बसून राहा.

रेल्वे स्टेशन किंवा पियात्साले रोमा या बसतळावरून निघणार असाल तर ३ नंबरची बोट थेट मुरानोला नेते. याचा आणखी एक फायदा आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. मुरानोसाठी ते लागत नाही. पण फोन्दामेन्ते नोव्हेपर्यंत शहरातून चालत गेलात तर तुम्ही जुन्या शहरात शिरलात असं धरतात. व्हेनिसमध्ये मुक्काम असेल तर शुल्क माफ, पण त्या माफीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरो. दोनदा बोट घेतली की एकोणीस झाले, म्हणून २५ युरोंचा २४ तासांचा पास घ्या आणि त्याच पासावर बुरानोही करा. दर अधूनमधून वाढतात, तेव्हा निघण्याआधी एकदा बघा. तरुण पोरांसाठी, म्हणजे २९ वर्षांपर्यंत, ‘रोलिंग व्हेनिस’ कार्डावर तीन दिवसांचा पास बराच स्वस्त पडतो. बोटीत चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट टेकवायला विसरू नका. न टेकवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस गयावया ऐकत नाहीत.

मार्को पोलो विमानतळावरून थेट यायचं असेल तर अलिलागुना कंपनीची निळ्या मार्गाची बोट मुरानोला थांबते. तिचं तिकीट वेगळं. शहराचा पास तिथे चालत नाही.

उतरायचं कुठे

मुरानोवर सहा-सात थांबे आहेत. गर्दी ‘कोलोन्ना’ला उतरते, कारण तिथून दुकानांची रांग सुरू होते. तुम्ही उतरू नका. ‘म्युझेओ’ थांब्यापर्यंत जा आणि बेट मागच्या दाराने बघायला सुरुवात करा. सकाळी साडेनऊच्या आसपास इथे शाळेत गेलेल्या पोरांची आजी, भाजीची पिशवी आणि एखादं मांजर एवढंच रस्त्यावर भेटतं. मुरानो म्हणजे पुलांनी जोडलेली लहान लहान बेटं. मोटार नाही, स्कूटर नाही. राहणारी माणसं पाच हजारांहून कमी.

संग्रहालय उघडेपर्यंत दोन मिनिटांवरचं सान्ती मारिया ए दोनातो हे चर्च बघून घ्या. खांदे झाकलेले असू द्या. आत गेल्यावर आधी खाली बघा. पायाखालची दगड-काचेच्या तुकड्यांची फरशी १२व्या शतकातली आहे. ती खचून लाटांसारखी वरखाली झाली आहे, त्यामुळे चालताना बोटीतच असल्यासारखं वाटतं. याच फरशीवर दोन कोंबड्यांनी काठीला उलटा बांधून नेलेला कोल्हा शोधा. आमच्या मावशीला तो सगळ्यात आवडला. वेदीमागे मोठाली हाडं टांगलेली दिसतील. संत दोनातोने मारलेल्या अजगरासारख्या राक्षसाची ती हाडं, असं सांगतात. कुठल्यातरी मोठ्या प्राण्याची असणार, पण चर्चमध्ये वाद घालायला आपण गेलेलो नसतो.

संग्रहालयात तास-दीड तास द्याच

‘म्युझेओ देल वेत्रो’, म्हणजे काचेचं संग्रहालय, पालात्सो जुस्तिनियान या जुन्या वाड्यात आहे. विन्चेन्सो झानेत्ती नावाच्या पाद्र्याने १८६१ मध्ये ते उभं केलं, तेव्हा हा धंदा जवळजवळ बुडाला होता. जुने नमुने गोळा करून कारागिरांच्या मुलांपुढे ठेवले तर हात पुन्हा वळतील, हा त्याचा हिशेब. आपणही त्याच कारणासाठी आत जायचं: डोळा तयार करायला.

थोडा इतिहास इथेच कळतो. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सत्तेने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानोवर नेल्या. कारण आगीचं दिलं, आणि लाकडी घरांच्या शहरात ते खरंही होतं. पण एका बेटावर सगळे कारागीर एकत्र आले की त्यांच्यावर नजर ठेवणंही सोपं जातं. त्यांना मान मोठा होता. त्यांच्या मुली सरदार घराण्यांत दिल्या जात. पण राज्य सोडून जायची बंदी. तरी १७व्या शतकात फ्रान्सने पैशाचं आमिष दाखवून इथले आरसेवाले फोडलेच.

कपाटांपुढे रेंगाळताना चार गोष्टी मुद्दाम शोधा, कारण पुढे दुकानात त्याच कामाला येतात.

पहिली ‘क्रिस्ताल्लो’: १५व्या शतकाच्या मध्याला आंजेलो बारोविएर या कारागिराच्या नावावर असलेली, पाण्यासारखी नितळ काच. त्यात किंचित मँगनीज घालून हिरवट झाक घालवलेली असते. बारोविएरच्याच नावाने ओळखला जाणारा गर्द निळा लग्नाचा पेला इथे आहे. त्यावर मिन्याच्या रंगांत नवरा-नवरीचे चेहरे रंगवले आहेत.

दुसरी ‘फिलिग्राना’: काचेच्या आत दुधाळ काचेच्या दोऱ्या पिळलेल्या. वरून रंगवलेल्या नाहीत, आतच गुंफलेल्या.

तिसरी ‘मुरीना’, आणि ही समजायला मराठी स्वयंपाकघर पुरतं. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक चकतीत तीच गुंडाळी दिसते ना, तसंच. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून, ओढून लांब दांडी करतात आणि तिच्या चकत्या पाडतात. प्रत्येक चकतीत तेच फूल. मग त्या चकत्या जोडून वाटी किंवा ताटली बनते.

चौथी ‘अव्हेन्तुरीना’: तपकिरी काचेत तांब्याचे बारीक स्फटिक चमचमतात. आपल्याकडे राशीचा खडा म्हणून हिरवं अॅव्हेंच्युरिन विकतात, त्या दगडाला नाव या काचेवरून पडलं. मुळात दगड आणि नक्कल काचेची असं आपण धरून चालतो, नावाच्या बाबतीत इथे उलटं झालं.

मण्यांचं दालन सोडू नका. बारीक मण्यांना इथे ‘कोन्तेरिए’ म्हणतात. पोकळ काचेची नळी लांबच लांब ओढायची, तुकडे पाडायचे आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. काळ्या पोतीचे मणी आठवले नाहीत तर आश्चर्य. काचेच्या मण्यांच्या या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, इटली आणि फ्रान्स दोघांची मिळून.

आता भट्टी

भट्टीला आणि कारखान्याला एकच शब्द: ‘फोर्नाचे’. संग्रहालयातून बाहेर पडलात की कालव्याच्या कडेने चालत पोन्ते लोंगो या लांब पुलावरून पलीकडे या. पुढे फोन्दामेन्ता देई वेत्राई, म्हणजे काचवाल्यांचा काठ. या भागातल्या काही भट्ट्या लोकांना आत घेतात. कुठे फुकट, कुठे थोड्या युरोंचं तिकीट. माझं मत विचाराल तर तिकिटाची भट्टी बरी. तुम्ही पैसे आधीच दिलेले असतात, त्यामुळे नंतर कुणी वरच्या मजल्यावर नेत नाही.

दारात ‘बोन्जोर्नो’ म्हणा. फोटो काढण्याआधी ‘पोस्सो फोतोग्राफारे?’ असं विचारा. फ्लॅश अजिबात नको: वितळलेली काच हातात असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झोत टाकणं हा आगाऊपणा झाला. पायात बंद बूट असू द्या, जमिनीवर तुकडे असतात.

आत गेल्यावर घोड्याकडे बघू नका, माणसांकडे बघा. तीन-चार जणांच्या टोळीला ‘पियात्सा’ म्हणतात. बाकावर बसलेला तो ‘माएस्त्रो’, उस्ताद. त्याचा मदतनीस ‘सेर्वेन्ते’, आणि धावपळ करणारं पोरगं ते ‘गार्झोने’. एक जण पोकळ लोखंडी नळी भट्टीत बुडवतो आणि तिच्या टोकाला काच गुंडाळून आणतो. रंग पेटत्या निखाऱ्याचा, घट्टपणा चिक्कीच्या पाकासारखा. आपल्याला वाटतं की उस्ताद फुंकणार. बऱ्याचदा फुंकतो मदतनीस. उस्ताद बसून नळी फिरवत लांब चिमट्याने आकार देत असतो. नळी सतत फिरतेच. थांबली की काच एका बाजूला ओघळते. बोलणं फार कमी. उस्तादाने हात पुढे केला की हवं ते हत्यार त्यात आलेलं असतं.

इथली काच सोड्याची असते, शिशाची नाही. त्यामुळे ती बराच वेळ मऊ राहते आणि हवी तशी ओढता येते. बोहेमियाची काच कापून, पैलू पाडून सजवतात. मुरानोची गरम असतानाच घडवतात. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की दुकानातली निम्मी फसवणूक आपोआप टळते.

वस्तूचा तळ कसा होतो तेही बघा. आकार आला की तळाला भरीव दांडी चिकटवतात, वरची नळी तोडतात, तोंड घडवतात आणि शेवटी दांडीही तोडतात. तळाला एक व्रण उरतो. नंतर वस्तू साधारण पाचशे अंशांच्या भट्टीत ठेवून तासन्‌तास हळूहळू थंड करतात. घाई केली तर ती आतल्या ताणाने तडकते. म्हणून डोळ्यांसमोर झालेली वस्तू तुम्हाला लगेच घरी नेता येत नाही.

जाता जाता आपली एक गोष्ट. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगल्यांनी काचकारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर होता. आजोबा त्याची काच राखेने पुसायचे. मुरानोच्या भट्टीसमोर उभं असताना मला ती काच आठवली. ती कुणी, कशी केली असेल हा प्रश्न तोवर कधी पडला नव्हता.

स्वतः करून बघायची हौस असेल तर मण्याचा वर्ग घ्या. दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून तारेभोवती गुंडाळायची. दोन तासांत चार वेडेवाकडे मणी होतात. आधी नोंदणी करावी लागते. मोठ्या भट्टीचं शिक्षण घ्यायचं तर बेटावर झानेत्तीच्याच नावाची काचशाळा आहे.

जेवण, पाणी

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण विचारावं. ‘सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. टोमॅटोचा पास्ता कुठेही मिळतो. रिसोत्तोच्या बाबतीत सावध राहा: वर भाजी दिसली तरी भात बऱ्याचदा माशाच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. बिलात ‘कोपेर्तो’ नावाने माणशी दोन-तीन युरो लागतात. ती लबाडी नाही, तिथली रीत आहे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायलात तर स्वस्त. रस्त्याकडेच्या नळांचं पाणी पिण्याचंच आहे, बाटली भरून घ्या.

आणि मग दुकान

आता तुमचा डोळा तयार आहे. तरीही काही गोष्टी.

दारावर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ असा शिक्का आहे का ते बघा. व्हेनेतो प्रांताने १९९४ च्या कायद्याने ही खूण ठरवली. वस्तूवरच्या चिकटपट्टीवर कारखान्याचा क्रमांक असतो. सगळे चांगले कारागीर या योजनेत नाहीत, म्हणून शिक्का नसला की खोटंच असं नाही. अशा वेळी कुणी केलं, कुठल्या भट्टीत, हे विचारा. खरा विकणारा खुशीने सांगतो, बऱ्याचदा नावासकट. ‘मुरानो शैली’ किंवा ‘मेड इन इटली’ या शब्दांचा अर्थ मुरानो होत नाही.

वस्तू उलटी करून तळ बघा. व्रण दिसेल, किंवा तो घासून गुळगुळीत केलेला दिसेल. साच्याची उभी शिवण दिसली तर ठेवून द्या. सहा पेले शेजारी ठेवा: अगदी एकसारखे असतील तर शंका घ्या. टिचकी मारून ‘टण्ण’ आवाजाची वाट बघू नका, तो शिशाच्या काचेचा गुण. लाल रंग महाग का, असं विचाराल तर खरा माणिकलाल रंग सोन्यातून येतो, हे उत्तर आहे. आणि तीन युरोंचं लटकन मुरानोत झालेलं असण्याची शक्यता नसल्यात जमा. २०२१-२२ मध्ये गॅस इतका महागला की कित्येक भट्ट्या विझवून ठेवाव्या लागल्या. रात्रंदिवस जळणाऱ्या आगीचा खर्च कुठल्यातरी किमतीत दिसणारच.

घासाघीस? फुकटच्या बोटीवाले स्वतःच करतात. छोट्या कारागिराशी करू नका. दोन-तीन वस्तू घेतल्यात तर तो आपणहून थोडं कमी करतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने झुंबराच्या नादी न लागता ‘गोत्तो’ घ्यावा. दिवस संपता संपता भट्टीतले कामगार उरल्यासुरल्या रंगीत काचेचे आपल्यापुरते पाण्याचे पेले करायचे, ते हे. दोन पेले कधी सारखे निघत नाहीत. चांगल्या एका पेल्याला तीस-चाळीस युरोंच्या पुढे पडतात, पण तो रोज हातात राहतो. एकाच दुकानात सत्तर युरोंहून जास्त खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून कर-परतीचा कागद मागा. युरोप सोडताना विमानतळावर त्यावर शिक्का घ्यावा लागतो, आणि तो सामान जमा करण्याआधी.

संध्याकाळी लगेच पळू नका

पाचनंतर दिवसाचे पाहुणे बोटींना लागतात आणि दुकानांची शटर खाली येतात. जमलं तर एक रात्र इथेच राहा. बोटी रात्री उशिरापर्यंत असतात, त्यामुळे व्हेनिस तुटत नाही. सान प्येत्रो मार्तिरे चर्च उघडं असलं तर आत जोव्हान्नी बेल्लिनीचं १४८८ चं चित्र आहे: व्हेनिसचा प्रमुख मेरीपुढे गुडघे टेकून बसलेला. त्यासाठी वेगळी रांग लावावी लागत नाही. मग पांढऱ्या दीपस्तंभापाशी, ‘फारो’ला, पाण्याकडे तोंड करून बसा.

आम्ही दुसऱ्या खेपेला दोन गोत्ते घेतले, एक निळा आणि एक पिवळ्या-लाल ठिपक्यांचा. दुकानदाराने फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये बांधून दिले, तरी मावशीचा विश्वास बसेना. तिने चिवड्याचा स्टीलचा डबा काढला. प्रवासात तो रिकामा झालाच होता. पेल्यांत मोजे कोंबले, पेले डब्यात बसवले, कडेने नॅपकिन खुपसले आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवला. व्हेनिसच्या विमानतळावर तपासणीवाल्याने डबा उघडायला लावला, वास घेतला आणि विचारलं, हे काय? मावशी म्हणाली, “चिवडा.” त्याने झाकण लावून दिलं.